मेईजवळ कोण बसणार

सेव्हन हट्स हा बँड पुन्हा वाजवणार, ही बातमी रिदालिनला दुकानात कळली. तिने उकळता चहा तसाच चुलीवर ठेवला आणि थोरल्या भावाला, म्हणजे बाहला, फोन लावला.

"बाह, ऐकलंस का?"

"ऐकलं म्हणजे काय, मी सकाळीच तिकीट काढलं," शानबोर म्हणाला. आवाजात अगदी दिवाणखान्यातला सुखी माणूस.

"मग ते कुणाला तरी देऊन टाक. त्या दिवशी तू मेईजवळ बसणार आहेस. मी जाणार आहे."

इकडे चहा उतू गेला, चूल विझली, बाकावर बसलेल्या दोघा गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिलं. रिदालिन जागची हलली नाही.

"तुला शब्द आठवतो ना, बाह?"

"आठवतो गं," शानबोर म्हणाला. "बसेन की. त्यात काय एवढं."

शानबोरचं 'बसेन की' म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पण मेईजवळ, म्हणजे आईजवळ, बसायला तो होय म्हणाला होता, आणि गिऱ्हाइकांनी तो होय ऐकला होता. रिदालिनला तेवढं पुरेसं होतं.

आमच्या खासी लोकांत घर धाकट्या लेकीचं असतं. तिला खतदुह म्हणतात; या घरात ती रिदालिन. घर तिचं, म्हातारी आई तिची, अंथरुणाला खिळलेली आजी तिची, आणि कुळातलं कुणी गेलं तर मयताला आलेल्यांचा चहाही तिच्याच चुलीवर. बाहेरून येणारे पाहुणे म्हणतात, वा, तुमच्यात बायकांचं राज्य! असेल बुवा. पण या राज्यात राणीला घराबाहेर पडायची सोय नाही. भाऊ मात्र लग्न करून बायकोच्या घरी राहायला जातो. आमच्याकडे सगळेच घरजावई, त्यामुळे त्यात लाजायचं कारण नाही. बहिणीच्या घरी तो मामा म्हणून येतो, गरम भात खातो, भाच्यांना चार उपदेश करतो, आणि भांडी घासायच्या आत निघतो. शानबोर या कामात तरबेज होता.

शब्दाची गोष्ट जुनी होती. रिदालिन तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची होती. त्यांच्या घराच्या खालच्या गल्लीत एका गॅरेजमध्ये सेव्हन हट्सची पोरं तालमी करायची. नाव सात झोपड्यांचं, आणि माणसं चार. त्या वर्षी त्यांनी एकाच गाण्यावर मेहनत घेतली, 'लास्ट बस टू जोवाई'. चांगलं लांबलचक गाणं. रिदालिनने ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. सुरुवात एका दिवशी, मधली गिटार दुसऱ्या दिवशी. शेवट कधीच नाही, कारण गाणं तिथवर पोचायच्या आत शेजारी गॅरेजच्या पत्र्यावर दगड मारायला लागायचे. कार्यक्रमाचा दिवस आला तेव्हा आजी अंथरुणावर होती, आणि मेईने नेहमीप्रमाणे ठरवून टाकलं की रिदा बसेल. शानबोर उंबऱ्यावर बूट घालता घालता म्हणाला, "पुढच्या वेळी तू जा. मी बसतो. शब्द."

तो घसा बसवून परत आला आणि महिनाभर तिला सांगत राहिला की ते गाणं संपतं कसं. हातवारे करून सांगितलं, तोंडाने गिटार वाजवून सांगितलं. सांगून गाणं कळत असतं तर काय हवं होतं? पुढची वेळ आलीच नाही. गाणारा वॉल्टन मावशीपाठोपाठ कॅनडाला गेला, बास वाजवणारा एव्हरगुड पास्टर झाला. बाकीच्या गाण्यांची एक कॅसेट निघाली होती, पण हे गाणं कॅसेटवर नव्हतं. ते त्या एका संध्याकाळी वाजलं आणि संपलं. शिलाँगमध्ये आज अर्धं गाव सांगतं की आम्ही तिथे होतो. त्यातले निम्मे थापा मारतात. रिदालिनने कधी थाप मारली नाही. ती म्हणायची, मी आजीजवळ होते.

पुढचे दोन महिने तिच्या जादोहच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. भात आणि डुकराचं मटण खायला येणारे पन्नाशी-साठीचे गडी ताट थंड होईपर्यंत वाद घालायचे. वॉल्टनला वरची पट्टी लागेल का? लेटेस्ट नावाच्या ड्रमवाल्याला शुगर आहे, तो मध्ये बिस्किट खायला थांबेल का? पास्टर एव्हरगुडने चर्चच्या मंडळीची परवानगी मिळवली होती, पण दोन अटींवर. कार्यक्रम रविवारी नको आणि सुरुवात प्रार्थनेने हवी.

"प्रार्थना तर लागेलच," टॅक्सीवाला किटबोक म्हणाला. "वॉल्टनचा गळा बघता दुसरा इलाज नाही."

किटबोक हा रिदालिनचा शाळेपासूनचा दोस्त, तरी तिला कॉंग, म्हणजे ताई, म्हणायचा. त्याच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत सेव्हन हट्सची कॅसेट इतकी वाजली होती की आता गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू यायची. त्याने रिदालिनचंही तिकीट काढून आणलं आणि म्हणाला, "कॉंग, मी त्या दिवशी दारात गाडी घेऊन येतो. पण बाह शानबोरचं काय? मला नाही वाटत तो येईल."

"येईल."

"आणि नाही आला तर?"

"तरी मी जाणार," रिदालिन म्हणाली. "तू मटण खा, थंड होतंय."

घरी मेई वेगळंच चालवायची. मेई, म्हणजे थेइलिन, चौऱ्याऐंशीची. पाय गेलेले, जीभ शाबूत. दिवसभर क्वाय चघळत, म्हणजे चुना लावलेल्या पानासोबत ओली सुपारी, खिडकीजवळच्या पलंगावर बसून ती गल्लीवर लक्ष ठेवायची.

"ती केसाळ पोरं अजून जिवंत आहेत?" तिने विचारलं.

"आता केस नाहीत त्यांना, मेई."

"मग बघायला काय जातेस?"

मेईला एकटं ठेवायची सोय नव्हती. मागच्या हिवाळ्यात तिने 'मी करते माझं' म्हणून पलंगावरून पाय खाली टाकला आणि रिदालिन बाजारातून येईपर्यंत ती जमिनीवर पडून होती. तेव्हापासून घरात कुणीतरी असायचंच. कुणीतरी म्हणजे रिदालिन. तिचा नवरा देवाघरी गेलेला, मुलगी बंगळुरूला नर्स. शेजारची हुनलिन भली बाई, पण शनिवारी बाजारातला तिचा भाजीचा गाळा संध्याकाळपर्यंत सुटत नव्हता. उरला शानबोर.

शनिवार उजाडला. कार्यक्रम दुपारी तीनला, वरच्या मैदानावर, म्हणजे रिदालिनच्या घराच्या डोक्यावरच. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे लवकर अंधारतं, म्हणून सगळं उजेडात उरकायचं ठरलं होतं. शानबोर जेवायला येणार होता. रिदालिनने त्याच्या आवडीची सुक्या मासळीची चटणी केली, मेईला न्हाऊ घातलं, स्वतः निळा जैनसेम नेसली आणि त्यावर मुलीचं डेनिमचं जाकीट चढवलं. आरशात पाहून तिला हसू आलं. पण तिने ते काढलं नाही.

जेवणं झाली. चटणी झाकून ठेवली. शानबोरचा पत्ता नाही. दोन वाजून गेल्यावर तिने फोन लावला.

"कुठे आहेस?"

"अगं अडकलोय ना," शानबोर म्हणाला. "मावलाईच्या पुलावर ही रांग लागलीये गाड्यांची. काही हलत नाही. तू असं कर, तासभर बस, मी पोचतोच आणि मग तू..."

फोनमधून धप्प असा आवाज आला. आणि पाठोपाठ, एक श्वास घ्यावा एवढ्या अंतराने, तसाच धप्प स्वयंपाकघराच्या खिडकीतून आला. वरच्या मैदानावरून. पुन्हा फोनमध्ये धप्प, पुन्हा खिडकीत धप्प. लेटेस्ट पायाचा ड्रम तपासून बघत होता.

रिदालिनने आणखी दोन ठोके ऐकले, खात्री करून घ्यायला.

"बाह," ती म्हणाली, "लेटेस्टने ड्रम मावलाईच्या पुलावर मांडलाय का?"

"काय? तुझा आवाज तुटतोय गं," शानबोर म्हणाला आणि फोन तुटला. तुटला म्हणजे त्याने तोडला.

रिदालिन चुलीजवळच्या पाटावर बसली. रागाने तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने पुसलंही नाही. रस्त्यावरून किटबोकचा हॉर्न वाजला. तो थांबला, आणि परत वाजला.

"येत नाही ना तो?" मेई पलंगावरून म्हणाली. "मला ठाऊक होतं. मी त्याला जन्म दिलाय. राहू दे गं, पुढच्या वेळी जा."

या घरात 'पुढच्या वेळी' हे शब्द कुणी उच्चारायला नको होते.

"मेई, लेटेस्टला शुगर आहे. गिटारवाल्याला दोनदा झटका येऊन गेलाय. आणि मी छप्पन्न वर्षांची आहे," रिदालिन उठत म्हणाली. "पुढची वेळ नाहीये. तू शाल घे."

"मी? कशाला?"

"तू पण चाललीस."

मागच्या खोलीत लाकडांच्या ढिगाखाली एक जुनी खोह होती. खोह म्हणजे आमची पाठीवरची वेताची टोपली, डोक्यावर पट्टा घेऊन वाहायची. ही मात्र माणसं वाहायची होती. बसायला फळी, पाय टेकायला आडवी काठी. मेईच्या गावाकडे, सोहराच्या खालच्या उतारावर, जिथे रस्ता नाही आणि नुसत्या दगडी पायऱ्या आहेत, तिथे आजारी माणसं अशीच वर आणतात. रिदालिनने लाकडं भिरकावली, खोह ओढून काढली, झटकली आणि पलंगाजवळ आणून ठेवली.

मेईने टोपलीकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"मला बटाट्यासारखी नेतेस?"

"बटाटे बोलत नाहीत. बस."

तेवढ्यात किटबोक पायऱ्या उतरून दारात आला. त्याने एका नजरेत सगळं ओळखलं आणि हात वर केले. "कॉंग, मीच घेतलं असतं मेईला. पण माझ्या कमरेत डॉक्टरने दोन स्क्रू बसवलेत."

"तुला कुणी सांगितलंय? तू फक्त टोपली धर."

रिदालिनने पट्टा कपाळावर घेतला आणि उठायला गेली. उठताच मान मागे ओढली गेली आणि ती धपकन खाली बसली. ती शहरात वाढलेली. दुकानात भाताची पातेली उचलली होती, पण पट्टा तिने कधी डोक्याला लावला नव्हता. मेईने क्वाय गालात सरकवली.

"कपाळावर कोण घेतं मूर्खा? वर घे. टाळूच्या पुढे. मान ताठ, कंबर वाकव, मान नको वाकवू. मी विशीत असताना संत्र्यांच्या पाट्या घेऊन चढायचे, आणि पोटात तो तुझा गाढव भाऊ. श्वास सोडताना पाऊल उचल. हां. आता ऊठ."

रिदालिन उठली. मेईचं वजन काही फार नव्हतं, पण जे होतं ते सगळं एकदम मानेत उतरलं. दारातून बाहेर, मग पायऱ्या. मागून मेईचा हुकूम सुटत होता, "सोड श्वास. आता पाय. सोड. पाय." मेईला गेल्या वर्षभरात एवढा उत्साह आला नव्हता. नातीला स्वयंपाक शिकवणाऱ्या आजीचा असतो तसा हा उत्साह होता, आणि रिदालिनला त्याचा त्यातल्या त्यात आधार वाटला.

टॅक्सी चर्चच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथे अडकली. पुढे नुसती माणसं. किटबोकने गाडी भिंतीला लावली, मेईला परत टोपलीत बसवलं आणि मैदानाची चढण सुरू झाली.

या खोहची एक गंमत असते. वाहणाऱ्याचं तोंड पुढे आणि बसलेल्याचं मागे. पाठीला पाठ. त्यामुळे पुढे काय आहे ते मेईला दिसत नव्हतं, पण मागचं काही सुटत नव्हतं.

"मागून एक टकल्या येतोय, पोटावर बटणं लागत नाहीत त्याची," ती मोठ्याने सांगत होती. "ती बाई बघ, नातवंडं असतील तिला, आणि कातड्याचं जाकीट घातलंय. हा कोण? अरे, तू रिमियाचा मुलगा ना? मंडळीत दिसत नाहीस तू. इथे बरा दिसतोस."

रिमियाचा मुलगा साठीचा होता. तो लाजून मागे राहिला. रिदालिनला हसायला येत होतं, पण श्वास पुरत नव्हता. फाटकावर तिकीट बघणाऱ्याने तिला अडवलं.

"कॉंग, हे तुझं तिकीट. आजीचं कुठाय?"

रिदालिनला याचा विचारच सुचला नव्हता. ती तोंड उघडणार, तोच मागून उत्तर आलं.

"मी हिचं सामान आहे."

फाटकावरचा माणूस इतका हसला की त्याने सामान आत सोडलं.

मैदानावर पास्टर एव्हरगुडची प्रार्थना चालू होती. हजारो माणसं माना खाली घालून उभी, आणि आमेन म्हटल्याबरोबर त्याच माणसांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून देवालाही वाटलं असेल की आपण चुकीच्या ठिकाणी आलो. मग वॉल्टन आला. जाड झालेला, चष्मा लावलेला. त्याने माइक धरला आणि पहिल्या गाण्याला त्याचा आवाज फाटला. लोकांनी तो फाटलेला आवाज उचलून धरला. दुसऱ्या गाण्याला तो सुरात आला. रिदालिनने टोपली गवतावर टेकवली आणि पट्टा सोडला. मान मोकळी झाली आणि समोर, खरंच समोर, सेव्हन हट्स उभे होते. गॅरेजच्या पत्र्याआडून ऐकलेली माणसं. तिला इतका आनंद झाला की काय करावं ते कळेना. तिने किटबोकच्या पाठीत एक गुद्दा घातला.

"रिदा," खालून मेई म्हणाली.

"काय गं?"

"मला काय दिसतंय ठाऊक आहे? ढुंगणं. ही एवढी. आयुष्यभर ज्यांना शिव्या घातल्या त्यांची तोंडं तरी बघू दे."

रिदालिनने पुन्हा पट्टा चढवला आणि मेईला उचललं. आता मेई सगळ्यांच्या वर होती. पण मेईला स्टेज दिसायचं तर रिदालिनला स्टेजकडे पाठ करणं भाग होतं. तिने केली. एवढं लढून ती इथवर आली आणि आता तिच्या डोळ्यांसमोर होती ती नुसती गर्दी, जी तिच्या मागे बघत होती.

"तो गिटारवाला बरा आहे," मेई वरून म्हणाली. "पण दमलाय. कुणी चहा दिला नाही वाटतं त्याला."

एक गाणं गेलं, दुसरं गेलं. रिदालिन पाठीमागून येणारं गाणं ऐकत होती, अगदी खिडकीतून ऐकायची तसं, आणि समोरचे चेहरे बघत होती. तिला रडू फुटायच्या बेतात होतं. आणि मग त्या चेहऱ्यांत तिला एक ओळखीचा चेहरा दिसला.

शानबोर. सेव्हन हट्सचा जुना टी-शर्ट, पोटावर ताणलेला. डोळे मिटून, दोन्ही हात वर करून तो गात होता. त्याच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ सुख होतं की रिदालिनला क्षणभर त्याचा हेवा वाटला. गाणं संपलं, त्याने डोळे उघडले, आणि समोर दहा हातांवर त्याला बहीण दिसली. त्याच्याकडे तोंड करून उभी. आणि तिच्या डोक्यामागून पांढऱ्या केसांचा एक अंबाडा वर आलेला.

पळून जायला त्याच्याकडे वेळ होता. एवढं मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं की तो पळाला नाही. तो गर्दीतून वाट काढत आला आणि बहिणीपुढे उभा राहिला.

"रिदा, मी... पूल मोकळा झाला म्हणून मी म्हटलं, इकडूनच..."

रिदालिनने टोपली खाली टेकवली, पट्टा स्वतःच्या डोक्यावरून काढला आणि भावाच्या हातात दिला.

"अगं, माझी मान..."

"टाळूच्या पुढे घे," मेई म्हणाली. "कपाळावर घेऊ नकोस, गाढवा."

आयुष्यभर बहिणीच्या पाठीवर चाललेलं घर शानबोरने त्या दुपारी पहिल्यांदा स्वतःच्या पाठीवर घेतलं. त्याच्या कपाळावर घाम आला, आणि स्टेजकडे त्याची पाठ झाली. रिदालिन वळली. आता ती बघत होती. वॉल्टनचा घामाने चमकणारा चष्मा, लेटेस्टचे ओठ, जे प्रत्येक ठोक्याबरोबर हलत होते, पास्टरचा बूट, जो मंडळीत कधी असा हलला नसेल. तिने एकही गोष्ट सोडली नाही.

उन्हं उतरली. मैदानावर थंडी पसरली. दोन गाणी झाली आणि वॉल्टन माइकजवळ येऊन थांबला, चष्मा पुसत.

"आता शेवटचं," तो म्हणाला. "तुम्हाला ठाऊक आहे कोणतं."

मैदान एकदम गप्प झालं. आणि त्या शांततेत मेईचा आवाज आला, अगदी रोजचा.

"रिदा, थंडी वाजतेय मला. चहाची वेळ झाली. चल घरी."

रिदालिनचे पाय वळले. तिने ठरवलं नव्हतं, ते आपोआप वळले, जसे आयुष्यभर वळत आले होते. हात मेईची शाल नीट करायला पुढेही झाला. मग ती थांबली. हात तसाच हवेत राहिला आणि तिने तो मागे घेतला.

"मेई, मी येत नाही," ती म्हणाली. "बाह नेईल तुला."

"त्याला चहा करता येत नाही."

"शिकेल."

"मला तू हवीस."

हे वाक्य मेईने आधी कधी उच्चारलं नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती. रिदालिनला वाटलं, आता मी गेले तर मला कुणी नावं ठेवणार नाही, आणि नाही गेले तर सगळे ठेवतील. तिला हेही दिसलं की आता ती गेली तर मरेपर्यंत आईवर चिडत राहील, आणि आईला ते कधी सांगणारही नाही.

"मी आहे ना, मेई. गाणं झालं की येते. पण आत्ता नाही."

"रिदा," शानबोर पट्ट्याखालून, वाकलेल्या मानेने म्हणाला, "एवढं एक गाणं. मग नेतो की. मलाही..."

"तू ऐकलंयस, बाह."

शानबोरने मान हलवायचा प्रयत्न केला, पण पट्ट्यामुळे ती हलली नाही. किटबोकने खिशातून गाडीची किल्ली काढून त्याच्या हातात कोंबली.

"चर्चच्या कोपऱ्यावर आहे. क्लच जरा वरून धरतो. आणि बाह, कॅसेट लावू नकोस, मेईला आवडत नाही."

शानबोर चालायला लागला. लोक बाजूला होत होते, वाट देत होते. तो पुढे तोंड करून जात होता, आणि मेई मागे तोंड करून. त्यामुळे ती लांब जाताना रिदालिनकडेच बघत राहिली. ती रागावलेली होती. तिने हात हलवला नाही, मान फिरवली नाही. अंतर वाढत गेलं तरी तिची नजर लेकीवरून हटली नाही. अशा नजरेसमोर रिदालिन एकदाही हरल्याशिवाय राहिली नव्हती.

मागे गिटारचा पहिला सूर लागला.

रिदालिनने आईकडे पाठ केली.

सुरुवात तिला तोंडपाठ होती. भांडी घासता घासता ऐकलेली. मधली गिटारही, आजीच्या पायाला तेल लावता लावता ऐकलेली. मग गाणं त्या वळणावर आलं जिथे नेहमी पत्र्यावर दगड पडायचे. दगड पडला नाही. गाणं पुढे गेलं. लेटेस्टने ठोका अर्ध्यावर आणला, वॉल्टन गायचा थांबला, आणि नुसती बास उरली, पास्टरची, हळू, घाटातून खाली उतरत जाणाऱ्या गाडीसारखी. शानबोरने हातवारे करून सांगितलं होतं त्यातलं काहीच यात नव्हतं. ते त्याहून साधं होतं आणि फार सुंदर होतं.

तिला वाईट वाटत होतं, आणि आनंद होत होता. दोन्हींमध्ये आनंद जास्त होता, हे तिने तिथेच, उभ्या उभ्या, स्वतःशी कबूल केलं. शेजारी किटबोक ढसाढसा रडत होता. गाणं अजून चालू होतं, आणि तिला कुठेही जायचं नव्हतं.